आजोबांचे रोजचे एकशेवीस

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: दवाखान्यातला लांब बाक, त्यावर एक आजोबा आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची नात. मी शेजारीच बसलो होतो.

“आजोबा, डॉक्टरांनी इतक्या तातडीनं का बोलावलं?”

“काय माहीत! मी तर रोज सकाळी फोनवरून रक्तदाब कळवतो. रोज एकशेवीस.”

“रोज तेवढाच?”

“डॉक्टरांना तोच आवडतो.”

“म्हणजे तुम्ही मोजतच नाही?”

“हळू बोल गं! चारशे पेशंट आकडे पाठवतात. माझा कोण बघत बसलंय?”

“कॉम्प्युटर बघतो. ज्याचं काही वेगळं दिसेल, त्याचं नाव डॉक्टरांना सगळ्यांत वर दाखवतो. नर्सताईंनीच सांगितलं.”

“माझं तर सगळं सरळ होतं.”

“इतकं सरळ कुणाचंच नसतं! तेच वेगळं दिसलं असेल. आणि परवा चक्कर आली, ते कळवलंत?”

“उगाच औषध वाढवतील.”

“आणि पडलात तर?”

तेवढ्यात नर्सताईंनी येऊन त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“एकशे अठ्ठावन्न. आता हाच आकडा फोनवर टाका, आजोबा. डॉक्टर आत बघताहेत.”

त्या वळताच आजोबा नातीकडे फोन देत कुजबुजले, “बाळा, दहा कमी टाक हं.”

नातीने पूर्ण एकशे अठ्ठावन्न टाकले, पाठवले आणि मगच फोन त्यांच्या हातात दिला.