बरी झाल्यावर नेऊ

त्यो टीवी बंद कर आदी, विलास. कर म्हनते ना! बाप आत खाटंवर पडलाय आन् भाईर तुमच्या मालिका चालल्यात. हां. आता बसा समदी. शोभा, तू बी बस, भांडी काय पळून जात न्हाईत. भुताची गोष्ट सांगते. हळू सांगा आत्या, म्हनू नगंस. दादाला ऐकू गेलं तर जाऊ दे. माजा भाऊ आजारी हाय, भैरा न्हाई.

ऐका. माज्या सासरची गोष्ट हाय. माजं धाकलं दीर, ग्यानूभावजी, तालुक्यास्नं निगालं. सायकलीवर. अंधार पडल्यावर. डाक्तरनं सांजपातूर बसवून ठिवलं हुतं त्यास्नी. आमच्या सासूबाईंच्या पोटात गाठ हुती. डाक्तर भला मानूस. त्यो म्हनला, "आता इलाज थकला. घरी ठिवा. दुखायचं कमी हुईल अशी गोळी देतो. मागंल ते खाऊ घाला, जवळ बसा." येवडं सरळ सांगितलं त्यानं. भावजींनी गोळी घेतली, आन् वर टॉनिकची येक बाटली बी घेतली. कशाला? तर आईला दावायला! ही पी, आई, म्हंजी तू उठशील! काय म्हनावं आता? वाटंनं भावजी तेच घोकत चाललं हुतं. "आई, साधी गाठ हाय. आई, साधी गाठ हाय." शाळंत धडा घोकतात तसं.

आन् घाईत त्यांनी गारखिंडीची वाट धरली.

रातचं कुनी जात न्हाई त्या वाटंनं. का? तर चांगुना बसती तितं. तिचं सासर खिंडीच्या अल्याड, म्हायेर पल्याड. दुखनं आलं आन् बाई खाटंला खिळली. ही काय जगत न्हाई, ह्ये समद्या गावाला ठावं. तिलाच तेवडं कुनी सांगंना! ती म्हनायची, "मला येकदा म्हायेराला न्या. आईला बगू द्या." मंग समदी म्हनायची, "बरी झाल्यावर नेऊ की." ती म्हनायची, "माजं काय बरंवाईट झालं तर ही वाकळ धाकल्या भैनीला द्या." लगीच सासू अंगावर धावायची. "गप! असलं बोलू नगं, वास्तू तथास्तु म्हनती!" आली मोठी वास्तू! बाई रातभर कन्हायची ते त्या वास्तूला ऐकू आलं न्हाई व्हय गं? बोलूच दिलं न्हाई बिचारीला. समदं पोटात ठिवून गेली. आन् जाऊन बसली खिंडीत, म्हायेरच्या वाटंवर.

तर भावजी चढाला लागलं. सायकल हातात धरून चालत हुतं. तोंडानं चालूच, साधी गाठ हाय. तवर बाजूनं आवाज आला. बारीक. आजारी मानसाचा.

"भाऊ, मी बरी हाय न्हवं?"

भावजी दचाकलं. पन सवय बगा जिभेची! म्हनलं, "बरी हाय की अक्का."

म्होरं गेलं. वळनावर बगत्यात तर वाटंच्या मधोमध खाट! वर वाकळ पांघरलेली. वाकळंखालनं हात आला भाईर. नुसती हाडं आन् बांगड्या. "भाऊ, आज तोंडावर जरा तेज दिसतंय न्हवं?"

भावजी सायकल वडत खाटंला वळसा घालाय लागलं. पन म्हनलं काय? "तेज हाय तर! चार दिसात उठून बसशील."

आरं देवा! असं म्हनत्यात व्हय तिला? पन समदी तसंच म्हनत्यात. आपुन बी म्हनतो.

मंग चढ संपला. भावजी सायकलीवर बसलं, आता उतार हाय, सुटलो म्हनलं. पायडल मारत्यात तर सायकल हलंना! मागं बसायचं क्यारेज कर्रर वाजलं. आन् कानाजवळ आवाज. "उठले बग भाऊ. तूच म्हनलास न्हवं, उठशील म्हनून? आता ने मला म्हायेराला."

आन् दोन हात इळखा घालून बसलं कमरंला! गार! भावजी सांगायचं, वैनी, हिरीच्या तळाचा दगूड लागावा तसं गार.

"नेतो अक्का, नेतो. बरी हो, मंग नेतो."

असं म्हनलं आन् ती जड झाली. भरल्या पोत्यावानी जड! म्होरचं चाक उचलाय लागलं. "तू बी तेच म्हनतोस?" ती म्हनली. भावजी म्हनलं, "न्हाई अक्का, तू लई गुनाची, तुला काय हुत न्हाई." आनखीन जड! येकेक खोटं बोललं की येकेक पोतं चढायचं मागं. आन् सायकल सुटली की वो उतारानं! बिरेक लागंना. आन् वाटंनं न्हाई सुटली, कड्याकडं सुटली. खाली दरी. गोटं घरंगळताना ऐकू याय लागलं.

तवा भावजी वरडलं. सारी खिंड घुमली. "चांगुनाक्का, तू मेलीस! मेलीस गं बाई! तू बरी न्हवतीस, कदीच बरी हुनार न्हवतीस, आन् समद्यास्नी ठावं हुतं!"

झालं. सायकल थांबली. चाक कड्याच्या काठावर. मागचं वजन गेलं.

भावजी खाली पडलं धाडदिशी. टॉनिकची बाटली फुटली. वर बगत्यात तर ती हुबी म्होरं. तोंड न्हाई दिसलं, पदर डोळ्याला लावला हुता. म्हनली, "मंग आदी का न्हाई सांगितलं रं कुनी? मला रडायचं हुतं. आईच्या गळ्यात पडून रडायचं हुतं. समदी हसून दावायची मला, तर मी बी हसायची त्यांच्यासाटनं. जीव जात हुता आन् मी हसत हुते रं!"

सांगा आता. ह्याला काय जबाब हाय? हाय कुनाकडं?

मंग तिनं हळूच इचारलं. "तुजी आई कशी हाय?"

आन् ऐका, मरता मरता वाचल्यालं मानूस! तरी जीभ वळलीच. "आई बरी हा..." आन् पडल्याल्या सायकलीचं क्यारेज वाजलं. कर्रर!

"न्हाई! न्हाई अक्का! चाललीया. माजी आई चाललीया." असं म्हनलं आन् लहान लेकरागत रडाय लागलं. त्या खिंडीत, त्या मेल्या बाईम्होरं! जित्या मानसांत येकदा बी रडलं न्हवतं त्ये.

"तिला सांगितलंस?"

"न्हाई."

"सांग जा. न्हाई सांगितलंस तर ती बी माज्या शेजारी येऊन बसंल."

भावजी सायकल वडत पहाटंला घरी आलं. समदं अंग फुटल्यालं. आमी धावलो. पन त्ये सरळ सासूबाईंच्या खाटंवर जाऊन बसलं. हात धरला. म्हनलं, "आई, डाक्तर म्हनला, आता इलाज न्हाई."

मी दारात हुबी हुते. सासूबाईंनी त्यांचा हात घट धरला. मंग रडल्या. चांगल्या हुंदकं दिऊन रडल्या, भावजी बी रडलं. आन् मंग डोळं पुसलं आन् म्हनल्या, "दुखायची गोळी आनलीस का, का ती वाटंत सांडलीस?" आन् मंग काय त्यांचा दरारा वो! धाकल्या भैनीला बोलवून घेतलं. रानाला पानी द्यायच्या बारीवरनं अबोला हुता दोघींचा, त्यो मिटवला. मला तांबड्या रस्स्याचं वाटन शिकिवलं, तवर लपवून ठिवलं हुतं म्हातारीनं. वर बजावलं, "त्या शेजारच्या पारूला माज्या मयताला म्होरं बसवू नगा, लई खोटं रडती." गेल्या तवा भावजींच्या मांडीवर डोकं हुतं. कुटं बसल्या न्हाईत त्या, कुनाला दिसल्या न्हाईत. सुखानं गेल्या.

आता खाली माना घालू नगा. बगा माज्याकडं.

काल दादा म्हनला, "सुंद्रे, मला येकदा हिरीवर न्या. आपुन पवायचो त्या हिरीवर." विलास, तू काय म्हनलास? "बरं झाल्यावर जाऊ की, आबा." म्हनलास का न्हाई? आरं, गाडी हाय दारात तुज्या! शोभा, त्यो बोटभर ठेचा मागत हुता, तू अळनी पेज दिलीस. जानाऱ्या मानसाला पथ्य कशाचं गं? आन् दुपारी त्यो म्हनला, "माज्या माघारी..." तर तुमी समद्यांनी मिळून गप केलं त्याला. तथास्तु म्हनती! सांगा तुमच्या वास्तूला, सुंद्रा हितं बसलीय, ये म्हनावं माज्याशी भांडायला!

आत्या कडू जिभंची हाय म्हना. म्हना खुशाल. पन त्या वाटंनं जाऊ नगा. खिंडीतली वाट न्हाई म्हनत मी, विलास. तू रोज हसरं तोंड करून ताट घिऊन आत जातोस ना, ती वाट.

थांबा. गप. गप बसा म्हनते!

ऐकलं? जागाच हुता की त्यो. समदं ऐकत हुता. काय म्हनतोय बगा...

"विलास, आरं, मी बरा हाय न्हवं?"

ऊठ. माज्याकडं काय बगतोस? तुला हाक मारलीय त्यानं. जा आत, खाटंवर बस, हात धर त्याचा. भ्या वाटलं तर मला हाक मार. मी हाय हितं.