पुसलेल्या फाइलींची जागा

(होसकोटे. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातली सर्व्हरची खोली, दुपारची वेळ. प्रदीपकुमार इथले आयटी मॅनेजर. प्रियदर्शनी त्यांची सख्खी भाची, मूळची निपाणीची, त्यांच्याच हाताखाली कामाला.)

प्रियदर्शनी : तरी माझं उत्तर तेच आहे, मामा. नव्या सर्व्हरवरही फाइल सिस्टीम झेडएफएसच हवी, आणि क्लाउडवर जी प्रत राहील तिलाही तीच. अहवालात तसंच लिहिलंय मी.

प्रदीपकुमार : वाचलं ते. बदलायला लावायचं म्हणूनच तर तुला इथं बोलावलं. संध्याकाळच्या मीटिंगला हा कागद वर जाणार आहे. एक्सएफएस लिही. साधी आहे, वेगवान आहे, मेमरी कमी खाते. उद्या मी रिटायर झालो आणि तू लग्न करून कुठं गेलीस, तर तुझी झेडएफएस सांभाळायला कोण येणार? तुझा नवरा?

प्रियदर्शनी : नवरा मिळाला की आधी त्याला तेच शिकवते. मामा, वेगाचं मला पटतं, सांभाळायचंही पटतं. पण एक्सएफएस फाइलीतला मजकूर तपासून बघत नाही. डिस्कनं गुपचूप बिघडलेला डेटा हातात ठेवला, तर ती तोच पुढं देणार.

प्रदीपकुमार : मला शिकवतेस होय गं?

प्रियदर्शनी : तुम्हीच शिकवलंय. तुमच्या राजाजीनगरच्या घरी मी राहायला आले त्या आठवड्यात, जेवताना. एका साच्याचं ड्रॉइंग डिस्कवर पडल्या पडल्या बिघडलं, बॅकअपमध्येही तेच बिघडलेलं गेलं, आणि अख्खा साचा चुकीचा कापला गेला. मग तुम्ही वरच्यांशी भांडून इथं झेडएफएस आणलीत. ‘जी स्वतःला तपासत नाही, तिच्यावर मी आईचा फोटोसुद्धा ठेवणार नाही,’ म्हणाला होतात. मामी किती हसली होती.

प्रदीपकुमार : ती गोष्ट ड्रॉइंगची होती.

प्रियदर्शनी : आणि ही कसली आहे?

प्रदीपकुमार : ही काम उरकायची आहे. स्वल्प समजून घे. आहे तेवढा डेटा साध्या कॉपीनं नव्या सर्व्हरवर न्यायचा. जुन्या डिस्क चुरा करायला द्यायच्या. संपला विषय.

प्रियदर्शनी : साध्या कॉपीनं आज वर दिसतंय तेवढंच जाईल. रोज रात्री झेडएफएस त्या वेळच्या सगळ्या फाइलींचे जे स्नॅपशॉट घेऊन ठेवते, ते मागंच राहतील.

प्रदीपकुमार : राहू देत की. लोकांनी पुसून टाकलेल्या फाइलींची अडगळ आहे नुसती.

प्रियदर्शनी : ती अडगळ मी काल उघडून बघितली, मामा.

प्रदीपकुमार : कशाला?

प्रियदर्शनी : अहवालासाठी. पुसलेल्या फाइली कुठं किती जागा अडवून बसल्यात, ते काढत होते. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग महिनाभर राहतं, मग आपोआप जातं. एकच दिवस तसा नाहीये. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी हातानं पुसलंय. पण रात्रीचा स्नॅपशॉट त्याच्या आधीच झाला होता, त्यात ते सगळं शिल्लक आहे. पत्रा दाबायच्या प्रेसवर मंजुनाथचा जीव गेला, तो दिवस.

प्रदीपकुमार : दार लाव.

प्रियदर्शनी : लावलंय. पोलिसांना तुम्ही सांगितलं होतं की प्रेसकडचा कॅमेरा त्या दिवशी बंद होता.

प्रदीपकुमार : तसं सांग म्हणाले, सांगितलं.

प्रियदर्शनी : कोण म्हणालं?

प्रदीपकुमार : आपले मालक, यशोवर्धन साहेब. आणखी कोण म्हणणार? इथं माझ्या शेजारी उभे होते. ‘प्रदीप, कारखान्याला टाळं लागलं तर इतक्या घरांचं काय होईल, तूच सांग.’ मी पुसलं. स्नॅपशॉट होऊन गेलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

प्रियदर्शनी : तुम्हाला होतं.

प्रदीपकुमार : मला होतं.

प्रियदर्शनी : मग तो ठेवलात कशाला? एक ओळ टाइप केली असती तर गेला असता.

प्रदीपकुमार : रोज सकाळी टाइप करतो गं. शेवटचं बटण दाबवत नाही. सगळं खोडतो आणि चहाला जातो. मग नव्या सर्व्हरचं निघालं. म्हटलं बरं झालं. तिकडं दुसरी फाइल सिस्टीम घेतली, साधी कॉपी केली, तर ते आपोआप मागं राहील. कुणी पुसलं असं होणारच नाही.

प्रियदर्शनी : आणि निवड माझी. अहवालावर नाव माझं.

प्रदीपकुमार : तुला कोण काय विचारणार आहे?

प्रियदर्शनी : तुम्ही विचारलं नाहीत, मामा. त्याचाच राग आलाय मला. सकाळी तुमच्याच गाडीतून आले, सगळ्या रस्त्यात खिडकीबाहेर बघत. तुमच्याकडे बघवतच नव्हतं.

प्रदीपकुमार : किती बघितलंस?

प्रियदर्शनी : सगळं. कंपनी म्हणते, काम लवकर उरकावं म्हणून मंजुनाथनं हात आत जाऊ नये म्हणून असलेली प्रेसपुढची जाळी स्वतः काढली. त्यानं नाही काढली. शिफ्ट सुरू होते तेव्हाच जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली दिसते. तो सुपरवायझरला बोलावून ती दाखवतो. सुपरवायझर घड्याळ दाखवतो, आणि हातानंच म्हणतो, चालू कर.

प्रदीपकुमार : हं.

प्रियदर्शनी : तो मशीन लगेच चालू करत नाही. तिथून शिडी घेऊन एक माणूस चाललेला असतो, त्याला हाक मारतो. माणूस थांबतो. जाळीकडे बघतो, मंजुनाथचं ऐकून घेतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि शिडी उचलून निघून जातो. अंगात निळा शर्ट आहे. मामीनं दिवाळीला घेतलेला.

प्रदीपकुमार : बस्स गं.

प्रियदर्शनी : तो शर्ट तुम्ही परत घातला नाहीत. मामी मला विचारत होती, रंग आवडला नाही का म्हणून.

प्रदीपकुमार : बस्स म्हटलं ना! नेटवर्क पडलं होतं, सगळीकडून माझ्या नावानं बोंब चालली होती. जाळी, मशीन हे माझं खातंसुद्धा नव्हे. म्हटलं, केबल जोडतो आणि येताना सुपरवायझरच्या कानावर घालतो. केबल जोडून शिडीवरून उतरतोय, तोवर आरडाओरडा.

प्रियदर्शनी : तुमचा फोन वाजतोय.

प्रदीपकुमार : वाजू दे.

प्रियदर्शनी : कुणाचा आहे?

प्रदीपकुमार : अनुषाचा. मंजुनाथच्या बायकोचा. अधूनमधून करते.

प्रियदर्शनी : उचला. स्पीकरवर ठेवा.

प्रदीपकुमार : हां, अनुषा. बोल.

अनुषा : अण्णा, कामात हाय काय तुम्ही? सारखं तरास देऊ नये वाटतंय, पण दुसऱ्या कुणाला विचारू सांगा. सासूबाई अजून मानंनात बघा. माझा ल्योक भाजी चिरताना सुदिक पोरीला लांब बसवायचा, त्यो जाळी कशाला काढंल, म्हणतात.

प्रदीपकुमार : हं.

अनुषा : मी त्यांना म्हटलं, अण्णा खोटं कशाला सांगतील? त्यांनीच तर ह्यांना कामाला लावलेलं. काल सोनम शाळेतनं रडत आली. पोरं म्हणालीत म्हणं, तुझा बाप सोताच्या चुकीनं मेला. मला विचारली, आई, खरं काय? मी व्हय म्हटलं. तुम्ही सांगितलासा म्हणून व्हय म्हटलं. बरोबरच केलं की न्हाई मी, अण्णा?

प्रदीपकुमार : अनुषा...

अनुषा : बोला की.

प्रदीपकुमार : मी संध्याकाळी घरी येतो. सासूबाईंनाही थांबायला सांग.

अनुषा : या की. चहा ठेवते. सरी, बरं, ठेवू मग?

प्रदीपकुमार : ठेव.

प्रियदर्शनी : काय सांगणार जाऊन?

प्रदीपकुमार : माहीत नाही. तोंडात आलं ते बोललो.

प्रियदर्शनी : त्या स्नॅपशॉटला मी होल्ड लावलाय. तो काढल्याशिवाय स्नॅपशॉट पुसता येणार नाही. पण पासवर्ड तुमच्याकडेही आहे, तुम्ही काढू शकता. हा घ्या अहवाल. फाइल सिस्टीमच्या पुढची जागा मी रिकामी ठेवलीय. तुम्ही स्वतःच्या हातानं लिहा. एक्सएफएस लिहिलीत तर मी सही करणार नाही, आणि आज राजाजीनगरलाही येणार नाही.

प्रदीपकुमार : नोकरी जाईल, प्रिया. तुझीसुद्धा. मी पोलिसांना खोटं सांगितलंय, मला आतही टाकतील.

प्रियदर्शनी : हो.

प्रदीपकुमार : ‘हो’ म्हणतेस नुसतं?

प्रियदर्शनी : मग काय म्हणू? मलाही भीती वाटतेय, मामा.

प्रदीपकुमार : मामीला आपण दोघं मिळून सांगू. मला एकट्याला जमणार नाही.

प्रियदर्शनी : सांगू.

प्रदीपकुमार : पेन दे.

प्रियदर्शनी : हे घ्या.

प्रदीपकुमार : झेडएफएस. बघ, नीट वाचता येतंय ना? आता त्या स्नॅपशॉटची एक प्रत बाहेर काढ. मीटिंग सुरू व्हायच्या आत. नाहीतर कुणीतरी येईल, इथलं पुसून जाईल.

प्रियदर्शनी : लावलीय कॉपी. थोडा वेळ लागेल.

प्रदीपकुमार : आवाज आहे का गं त्यात?

प्रियदर्शनी : नाही. आपले कॅमेरे नुसतं चित्र घेतात. तो तुमच्याशी बोलताना दिसतो, काय बोलला ते कळत नाही.

प्रदीपकुमार : म्हणजे ते एवढं माझ्याकडेच आहे.

प्रियदर्शनी : काय म्हणाला होता?

प्रदीपकुमार : म्हणाला, ‘अण्णा, माझं कोण ऐकतंय इथं? तुम्ही सांगितलासा तर मशीन थांबवतील.’