गेटपासून बरखेड्यापर्यंत

"हॅलो?… हो, सुहासिनीच बोलतेय. बोला, केशवराव."

सुहासिनीने मटारची परात बाजूला सारली. केशवराव म्हणजे तिच्या इंदूचे यजमान. कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये इंदू आणि ती सगळी नोकरीभर शेजारी शेजारी बसल्या. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा सुहासिनी कोटरा सुल्तानाबादला आली आणि इंदू हबीबगंजकडे गेली, पण दिवसाआड फोन ठरलेला. इंदू वारल्याला दोन महिने होत आले होते. केशवराव तिच्याच फोनवरून बोलत, त्यामुळे रिंग वाजून स्क्रीनवर 'इंदू' असं उमटलं की सुहासिनीच्या काळजात अजून लक्कन हलायचं.

"काय चालत नाहीये?… गेम? कुठला गेम?… तिच्या जुन्या कॉम्प्युटरमधला, नवीनवर घेतलेला? नाव काय दिसतंय?… जी, एच, ए, आर… घर. हो. आमचाच आहे तो."

तिला वाटलं होतं, तो कधीच गेला असेल. एक्क्याण्णव साली महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मुलांसाठी कॉम्प्युटरचा स्टॉल लावायचं ठरलं आणि कारखाना सुटल्यावर मागे थांबून दोघींनी तो गेम लिहिला होता. संध्याकाळी कारखान्याच्या गेटातून एक बाई निघते. गाई चुकवत, सायकली चुकवत, वाटेत भाजी घेऊन तिने लाइट जायच्या आत बरखेड्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरला पोचायचं. एवढाच तो गेम. मुलं मात्र आरतीला उठायला तयार नव्हती.

"नाही चालणार, केशवराव… अहो नाही, नवीन कॉम्प्युटर खराब नाहीये. फार नवीन आहे, एवढंच… ऐका ना. आमचं मशीन सोळा बिटांचं होतं, तुमचं चौसष्ट बिटांचं. सोळा बिटांची भाषा ते आता समजूनच घेत नाही… हो, मुलाला सांगून उपयोग नाही. मी व्हॉट्सॅपवर लिंक पाठवते, ती उघडा. तो प्रोग्रॅम जुन्या मशीनचं सोंग घेतो… आली?… नेक्स्ट करा. पुन्हा नेक्स्ट… आता ते 'घर' उचला आणि त्या चित्रावर नेऊन सोडा."

बराच वेळ नुसतीच खुडबुड ऐकू येत होती. केशवरावांचा जन्म टर्बाइनच्या वर्कशॉपमध्ये गेला होता, मोठमोठी धुडं त्यांनी सहज हलवली असतील, पण माउस त्यांच्या हातून निसटायचा. इंदू त्यावरून हसायची. मग खुडबुड थांबली.

"उघडलं?… गेट दिसतंय? आणि खाली ती उभी आहे, पर्स घेऊन?… हो, निळी साडी. आता एन्टर दाबा, चालायला लागेल… केशवराव? दाबलंत?"

त्यांनी दाबलं नव्हतं. ते म्हणाले, ही एकटीच आहे. आणि मग, घसा साफ करून, अगदी साधं विचारावं तसं त्यांनी विचारलं की यात दोघं असणार होते ना? इंदू तेव्हा तसं म्हणाली होती.

सुहासिनीला सगळं आठवलं. दोघं होते. चौकटीचा शर्ट घातलेला, हातात डबा धरलेला माणूस इंदूने एकेक ठिपका भरून काढला होता. बाई आणि तो जोडीने घरी जात. आणि एके दिवशी सकाळी आल्या आल्या, पर्स खाली ठेवायच्या आधी, इंदूने त्याला काढून टाकलं होतं.

"जागा नव्हती हो," सुहासिनी म्हणाली. "मेमरीत जागा नव्हती… नाही, तसं नाही. तुम्हाला कसं सांगू… आपल्या क्वार्टरच्या पाट्या आठवा. पाटीवर चारच आकडे मावत असतील, तर दहा हजारावं क्वार्टर बांधून उपयोग काय? त्याला नंबरच देता येणार नाही, मग पोस्टमन जाणार कुठे?… हां, तसंच. सोळा बिटांत एका वेळी चौसष्ट किलोबाइटपर्यंतच पत्ता लिहिता येतो. आम्ही सगळी चित्रं तेवढ्यातच बसवली होती. गेट, गाई, रस्ता, घर, ती. चालणारं माणूस म्हटलं की त्याची पावलापावलाची चित्रं लागतात. दोन माणसं मावली नसती… हो. मशीनचाच दोष. तिचा नाही, तुमचा नाही."

पत्त्यांचं सगळं खरं होतं. खोटं होतं ते दोन माणसं मावली नसती, हे. रस्त्याकडेचे गुलमोहर काढून टाकल्यावर दोन माणसं नीट मावली होती. फक्त दोघांना हलवताना प्रोसेसरची दमछाक व्हायची आणि दोघंही किंचित रखडत चालायचे.

मग केशवराव सावकाश बोलू लागले आणि सुहासिनी नुसती ऐकत राहिली.

"हो… हो… कधी?… मला माहीत नव्हतं. मी घरी गेले असेन तेव्हा."

ते एका संध्याकाळी इंदूला घ्यायला सेक्शनमध्ये आले होते. तिने त्यांना शेजारी बसवून गेम दाखवला होता. दोघं गेटातून निघाले, बरखेड्याला पोचले, दार उघडलं, खिडकीत दिवा लागला. इंदूने विचारलं होतं, शर्ट ओळखला का? केशवरावांच्या खिशात तेव्हा हरिद्वारच्या बदलीचा कागद होता. प्रमोशनवर जायला त्यांनी होकार कळवून टाकला होता, तिला न विचारता. ते त्यांनी त्याच रात्री जेवण झाल्यावर सांगितलं. इंदूची नोकरी इथे, सासूबाई इथे, धाकटा अजून बालवाडीत. ती एवढंच म्हणाली होती की ठीक आहे. पुढची तीन वर्षं ती गेटापासून बरखेड्यापर्यंत एकटीच आली.

म्हणजे जागा होती हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

"मग मला का विचारलंत, केशवराव?"

ते म्हणाले, त्या दुसऱ्या दिवशी ती तुमच्याजवळ काही बोलली असेल. मला कधी बोलली नाही. आता विचारायला तुमच्याशिवाय कोण आहे.

सुहासिनीने डोळ्यांवरचा चष्मा काढून परातीशेजारी ठेवला.

"बोलली होती. पण ते ऐकून तुम्हाला… बरं. सांगते. मी म्हटलं, अगं, इतकी मेहनत करून काढलास, कशाला घालवतेस? तर म्हणाली, तो असला की दोघंही रखडतात. तिला एकटीला चालू दे. भराभर पोचेल."

सुहासिनीला वाटलं, सांगायला नको होतं. तेवढ्यात त्यांनी आणखी एक विचारलं, आणि त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की तिला ते पुन्हा विचारावं लागलं.

"काय म्हणालात?… परत आल्यावर? नाही, केशवराव. परत नाही घातला… मी सुचवलं होतं एकदा. तेव्हा सेक्शनमध्ये नवीन मशीन आलं होतं, मेमरी भरपूर होती, रखडायचाही प्रश्न नव्हता. ती म्हणाली, राहू दे, तिला आता सवय झालीय… नाही, रागावून नाही. हसून म्हणाली. तुमच्यावर राग धरून ती इतकी वर्षं राहिली असं मनात आणू नका. तुम्हाला बरं नव्हतं तेव्हा माझ्याजवळ किती रडली, ते मी पाहिलंय… हो. दोन्ही खरं आहे."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग कळ दाबल्याचा.

"दाबलंत?… काय?… दिसलीच नाही? पोचलीसुद्धा?… हां. तुमचं मशीन फार वेगवान आहे, केशवराव. आम्ही तिचं पाऊल त्या जुन्या प्रोसेसरच्या चालीवर बसवलं होतं. ते कुथत कुथत मोजायचं, तेवढ्यात तिचं एक पाऊल पडायचं. हे सोंग घेतं, तरी त्याहून कितीतरी भराभर मोजतं… येतो ना, वेग कमी करता येतो. कंट्रोल धरून ठेवा आणि वरची एफ अकरा दाबा… पुन्हा… पुन्हा. आता?"

कळ टकटक वाजत होती.

"पावलं दिसतायत?… हो, पदर हलतो तिचा. तो मी काढला होता… भाजीवाल्याशी थांबते, हो… आणखी हळू? दाबा मग."

टकटक चालूच राहिली.

"केशवराव, पुरे आता. याहून वेग कमी केला तर ती चालत नाही… चालत नाही म्हणजे वाटेतच उभी राहते. घरी पोचत नाही… हो?… बरं. राहू दे मग. राहू दे उभी."

टकटक थांबली. त्यांनी फोन ठेवला नाही. खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला, मग नुसता श्वास. सुहासिनी तशीच बसून राहिली. दोनदा तिने हाक मारली, पण ती त्यांच्या कानापर्यंत गेली नसावी. शेवटी तिनेच हळूच फोन बंद केला. स्क्रीनवरचं 'इंदू' क्षणभर राहिलं आणि गेलं.