हिरोईन सोडून चालली तेव्हा

वडशात आमी तीन नाटक कंपन्यांचे मालक दर सोमवारी एकाच टपरीवर बसतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हंजे जत्रा भरते; त्या सीझनमध्ये एकमेकांचे प्रयोग पळवतो, पण चहा सोबत पितो. मालकानं आपली अडचण सांगावी तरी कोणाले? कलाकाराले सांगितली तर तो दुसरी कंपनी पाहते. बायकोले सांगितली तर ती म्हणते, बंद करा.

त्या सोमवारी मी म्हटलं, "माही हिरोईन सीझनच्या मधातच सोडून चालली. पगार वाढवतो म्हटलं तरी ऐकत नाई. काय करू?"

दुसऱ्या कंपनीचे मालक दादाजीभाऊ कपात पाहत म्हणाले, "माह्याकडे येतो म्हणते. तुमाले विचारल्याशिवाय मी हो म्हटलं नाई."

मी कप खाली ठेवला.

"तिले पैसे नाई पाहिजे," ते म्हणाले. "प्रयोग संपला का तुमी कोणाशी न बोलता गाडीत जाऊन बसता म्हणे. काम चांगलं झालं का वाईट, तिले समजतच नाई."

"मी घरीबी बोलत नाई, भाऊ."

"माहा हिरो हेच कारण सांगून गेला होता," भाऊ म्हणाले.

"मंग तुमी बोलाले लागले?"

"लागलो ना. दर सोमवारी, इथं तुमच्याशी."