लेपाची दुसरी बाजू

भागाबाई : घोटभर पेज तरी घे, माय. बाळंतीण होऊन चार दिस झाले, पोटात अन्न न्हाई. दूध कुठून उतरंल?

मिरा : तोंडाशी आलं की उलटतं, आत्याबाय. पोर रडत का नाय?

भागाबाई : रडाया जोर पाह्यजे ना लेकराला. शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं, तेबी वकलं.

मिरा : आमच्या दर्याकाठी बाळंतिणीला सुक्या लेप मासळीचं कालवण देतात. तेवढंच ऱ्हाईल माझ्या पोटात. तुमचे लेक ती आणायला वसमतला गेलेत, आले का?

भागाबाई : न्हाई.

मिरा : मग हा वास कशाचा?

भागाबाई : कुठं हाय वास.

मिरा : सुक्या मासळीचा वास मला झोपेत पण कळतो.

भागाबाई : ...सकाळीच आला व्हता नाम्या. शिंक्यावर ठिवलाय मासा.

मिरा : आणि तुम्ही गप्प?

भागाबाई : अर्धा हाय तो. व्यापाऱ्यानं मधून चिरून एकच फाक दिली. एक अंग काळं, दुसरं पांढरंफट्ट, तासल्यावानी. डोळे दोन्ही एकाच अंगाला, तर म्हनलं सुकताना एक सरकला आसंल. अर्धी वस्तू बाळंतिणीला वाढत न्हाईत आमच्यात. लेकरावर येतं.

मिरा : ते कुठं आहेत?

भागाबाई : परत धाडलं. म्हनलं, दुसरी फाक घेतल्याबिगर तोंड दावू नको.

मिरा : आत्याबाय, लेप तसाच असतो. अख्खा आहे तो.

भागाबाई : एका अंगाचा?

मिरा : बारीक असताना दोन्हीकडं एकेक डोळा. मग एक सरकत सरकत दुसऱ्याशेजारी जातो. लेप वाळूत आडवा पडतो, वर बघत. जन्मभर.

भागाबाई : मंग नाम्या कशाला गेला?

मिरा : नसलेली फाक आणायला.

भागाबाई : वसमतच्या वाटंवर रझाकार फिरून राहिले. परवा आपल्या गावच्या ज्ञानबाला गाडीतून वढून मारलं. आन म्या माझ्या हातानं लेकाला त्या वाटंला लावलं.

मिरा : रडू नका. तुम्ही रडलात तर मी पण रडेन, आणि माझ्या अंगात तेवढं पाणी नाय. चूल पेटवा.

भागाबाई : मला कुठं येतंय हे.

मिरा : बाराव्या दिसापर्यंत मला चुलीला शिवू देत नाय तुम्ही. मी सांगते, तुम्ही करा. कोमट पाण्यात भिजवा. काळं कातडं शेपटीकडून ओढा.

भागाबाई : जुन्या वहाणेचा तळवा हाय गं हा. दर्याकाठच्या गोदीत हमालीला गेला नाम्या, आन कुठली पोर घेऊन आला.

मिरा : भिजू द्या. मग चिंच, लसूण, हळद. मीठ नको. ते त्याच्यात आहे.

(कालवणाला उकळी येते.)

भागाबाई : बस उठून. आदी रस्सा घे. ...ऱ्हायला का पोटात?

मिरा : ऱ्हायला. पोराला द्या माझ्याकडं.

भागाबाई : वढून राहिलं का?

मिरा : ओठ लावलेत. ओढत नाय अजून.

भागाबाई : थांब. वेळ लागंल. तवर हे खा.

मिरा : ही तर खालची बाजू. डोळ्यांची कुठं ठेवलीत?

भागाबाई : नाम्याला झाकून ठिवली. त्याला वाट दिसाया पाह्यजे.