कप्पा उघडायचाय, खजिना न्हाई!

…न्हाई, तुम्हीच सांगा, मशीन माझ्या टेबलावर, रेकॉर्ड माझ्या हातानं टाईप केलेलं, अन् उघडायला मर्जी नांदेडच्या माणसाची? मी दयानंद, उमरीच्या एका कॉलेजात क्लार्क. आमच्या व्यंकट सरांनी कम्प्युटरच्या डिस्कचे दोन कप्पे केले, पार्टिशन म्हणतात त्याला. एकात मशीनचं सामान, दुसऱ्यात पोरापोरींचं रेकॉर्ड. अन् दुसऱ्यावर क्लिक केलं की मशीन विचारणार, 'अ‍ॅडमिनचा पासवर्ड?' अ‍ॅडमिन म्हंजे व्यंकट सर, नांदेडहून येतात फक्त गुरुवारी! ते उघडून जायचे, अन् आम्ही मशीन आठवडाभर चालूच ठेवायचो. लाईट गेली की बोंबला! अहो, कप्पा उघडायचाय, खजिना न्हाई!

तर सोमवारी गेली लाईट. आली तवा कप्पा बंद. अन् नेमकी दारात बुद्धप्रिया, आमची जुनी विद्यार्थिनी. "सर, टीसी पाहिजे. नर्सिंगला नंबर लागला नांदेडात, आज पाचपर्यंत कागद दिले न्हाई तर जागा दुसरीला." आई दिवसभर दुसऱ्याच्या सोयाबीनात राबती, तवा ही शिकली.

लावला सरांना फोन. ते हदगावला लग्नात, मागं बँड कोकलून राहिला. "पासवर्ड फोनवर सांगत नसतात दयानंद, नियम हाय!" मी म्हणलं, सर, कप्पा उघडायचाय, खजिना न्हाई, लेकरू उभं हाय इथं! मग जरा नरमले. "लिहा… गोदावरी!" काय? ऐकू न्हाई! "गोदावरी! मोठं जी! गोदावरी, जी!" अन् तुम्हाला सांगतो, फोनमधून एका बाईचा आवाज, "हाव जी, आले! कोण बोलावून राहिलं?" नवरीची आत्या निघाली, गोदावरीबाई! सर तिला समजावतायत, "तुम्ही न्हाई हो बाई, तुमच्यापुढं अजून एकशे आठ हाय!" बाई म्हणती, "एकशे आठ कशाला? अँबुलन्स? कोण पडलं?"

उघडला एकदाचा. टीसी काढली, सही-शिक्का झाला. जाता जाता पोरीनं फोन मागितला, कम्प्युटरचा कोर्स केलता तिनं, अन् व्यंकट सरांनाच म्हणली, "सर, ज्या फाईलमधी कप्प्यांची यादी असती, तिथं ह्या कप्प्याच्या ओळीत 'यूझर' एवढा शब्द लिहा. मग साध्या लॉगिननंबी उघडतो." दीडच्या बसमधी बसली ती, अन् साडेचारला फोन, "सर, झालं अ‍ॅडमिशन." मी रुमाल काढला… घाम आल्ता, दुसरं काय!

गुरुवारी सरांनी मुकाट्यानं तो शब्द लिहिला, अन् पासवर्डबी बदलला. एक शब्द! वर्षभर मी एका शब्दासाठी गुरुवार मोजत होतो? कप्पा उघडायचा होता हो, खजिना न्हाई!

आता सगळेच उघडतात. आज सकाळी आमच्या पंढरी शिपायानं उघडला, त्याच्या लॉगिनमधून. दुपारी सरांचा फोन, "डिस्क तपासायची हाय, कप्पा बंद करा." मी बंद करायला गेलो, होईना. मशीन म्हणती, ज्यानं उघडला त्यानंच बंद करावा. सर म्हणले, "'यूझर' लिहिलं की तसाच नियम हाय. न्हाई तर अ‍ॅडमिन, म्हंजे मी, गुरुवारी."

पंढरी गेलाय लातूरला, लेकीकडं, तीन दिवस. फोन लावला…

तर त्याचा फोन इथंच खिडकीत, चार्जिंगला वाजून राहिला.