सोपानरावांनी मांडवाबाहेर नेलेली वीणा

सभेच्या अध्यक्षस्थानी विराजमान असलेले आप्पासाहेब, डॉक्टर राजलक्ष्मी मॅडम, विजयमाला सिस्टर, बारामतीहून उन्हातान्हाचे आलेले पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या दवाखान्याच्या गाडीचे ड्रायव्हर सोपानराव, त्यांच्या सौभाग्यवती छबूबाई, आणि माझ्या मायबहिणींनो, बांधवांनो, सर्वांना रामराम.

मी शाळा फारशी शिकलो नाही, पोथ्या वाचतच अक्षराशी ओळख झाली. तरी सप्ताह कमिटीतला म्हातारा म्हणून मला उभं केलंत, हा तुमचा मोठेपणा. सोपानरावांच्या नोकरीचं कौतुक मॅडमनी केलंच आहे. मी वीणेचं बोलतो.

पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या सप्त्यात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात, आणि तोंडातलं नाम थांबवायचं नाही. मांडव दवाखान्यासमोरच असतो, म्हणून दुपारचा पहारा सोपानराव घ्यायचे.

मागं एका सप्त्यात असेच ते वीणा घेऊन उभे होते. पुढचा पहारा दत्तोबांचा. ते भवानीनगरला कारखान्यावर अडकलेले. जेवणं उरकून मंडळी पांगलेली. मी होतो, पण भावकीतलं सुतक, म्हणून मांडवाबाहेर बसलेलो. तेवढ्यात सिस्टर धावत आल्या. बाळंतपण अडलेलं, बाई तातडीनं बारामतीला न्यायची. बाई कोण, तर दत्तोबांचीच सून, वृषाली.

सोपानराव माझ्याकडं बघायला लागले. वीणा खाली ठेवावी तर खंड पडतो. माझ्या गळ्यात घालावी तर मला सुतक. मी म्हणालो, जरा दम धरा, दत्तोबा येतीलच. त्यावर सिस्टर जे बोलल्या ते अजून कानात आहे.

"तात्या, तुमचं सुतक आन त्यांची वीणा, ह्या दोन्हीच्या मधी माझा पेशंट मरंल."

सोपानराव वीणेसकट गाडीत बसले. दांडी खिडकीबाहेर, एक हात स्टेअरिंगवर, मुखात नाम. इकडं मोकळ्या मांडवाच्या दारात बसून मी टाळ्या वाजवत नाम धरलं. आता मला सांगा, खंड पडला का? मांडवात नाम होतं, वीणा नव्हती. गाडीत दोन्ही होतं, पण वाटेत एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं रस्ता अडवला आणि सोपानरावांच्या तोंडून कचकचीत शिवी गेली. तेवढं नाम तुटलंच की! सिस्टर म्हणतात शिवीनं रस्ता मोकळा झाला, पण ते शास्त्र कुठल्या पोथीत आहे?

बाई सुटली, मायलेकी दोघी सुखरूप. दत्तोबांनी सोपानरावांच्या घरी जाऊन पेढे दिले, पाया पडले. आणि कमिटीच्या बैठकीत तेच दत्तोबा म्हणाले, खंड पडला. कीर्तनकार महाराजांना विचारलं, तर ते म्हणाले गावानं ठरवावं. गाव माझ्याकडं बघतंय, आणि मी पोथीकडं.

तेव्हापासून सोपानरावांनी वीणेला हात लावलेला नाही. कुणी मना केलं नाही, त्यांचंच मन घेईना. आता ते इंदापूरला लेकाकडं, विशालकडं राहायला चाललेत. परवा मला म्हणाले, "तात्या, मी वीणा घ्यायच्या लायकीचा हाय का न्हाय, एवढं सांगा. मंग जातो."

काय सांगू? दया करा असं पोथी सांगते, नेम मोडू नका असंही तीच सांगते. दोन्ही पानं मी चष्मा पुसून पुसून वाचली. शेवटी आज सकाळी दत्तोबांच्या गोठ्यावर गेलो. ते धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "खंड पडला, तात्या. ह्यात बदल न्हाय. पन सोमवारी सप्ता बसंल तवा माझ्या गळ्यातली वीणा मी सोपानच्याच गळ्यात घालनार. दुसरा कोन आला तरी काढनार न्हाय."

ह्या दोन वाक्यांचा मेळ मला काही बसला नाही. तुम्हाला बसला तर बघा. सोपानराव, मी फक्त निरोप पोचवतो. सोमवारी दत्तोबा वीणा घेऊन उभे राहतील, आणि तुम्ही येईपर्यंत उभेच राहतील. त्यांचे गुडघे दुखतात, एवढं ध्यानात असू द्या.

आपण एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, आपले सर्वांचे आभार. बोलण्यात कुठं चुकलो असेन तर पोटात घाला. आणि नेमकं कुठं चुकलो हे ज्याला कळेल त्यानं घरी येऊन मलाही सांगावं, चहा मी पाजीन.